तीस लिटरचे व्हॅक्यूम चेंबर आणि त्यातली क्ष-किरण नळी: बांधणीपासून चाचणीपर्यंत

यंत्रणा हव्या त्या दाबापर्यंत उतरत नाही म्हटले की पहिला विचार येतो तो मोठ्या पंपाचा. पण पंप दुप्पट ताकदीचा घेतला तरी दाब फार तर निम्मा होतो. उलट एक चुकीचा वेल्ड, ओ-रिंगच्या (सांधा बंद करणाऱ्या रबरी कड्याच्या) खाचेतला एक ओरखडा किंवा आत राहिलेला तेलकट स्क्रू दाब शंभरपट बिघडवू शकतो. त्यामुळे या लेखात पंपाबद्दल थोडके आणि सांधे, पृष्ठभाग व तपासणीच्या क्रमाबद्दल जास्त लिहिले आहे.

उदाहरण म्हणून स्टेनलेस स्टीलचे ३० सेंमी व्यासाचे, ४० सेंमी उंचीचे चेंबर धरू. आत उघडून दुरुस्त करता येईल अशी क्ष-किरण नळी: तांब्याचे टार्गेट (इलेक्ट्रॉन ज्यावर आदळतात तो भाग), ३० किलोव्होल्ट, १० मिलिअँपिअर. फिलामेंट (तापून इलेक्ट्रॉन सोडणारी तार) टिकायचे असेल तर नळी चालू असताना दाब ५×१०^-६ मिलिबारच्या खाली हवा (१०^-६ म्हणजे दहाचा उणे सहावा घात).

आधी कागदावर

चेंबरचे आकारमान सुमारे २८ लिटर, आतला पृष्ठभाग सुमारे ५२०० चौरस सेंमी. मिनिटाला २०० लिटर ओढणारा रोटरी पंप आतली हवा दोन-तीन मिनिटांत ०.०५ मिलिबारपर्यंत आणतो. खरी झुंज त्यानंतर, भिंतीला चिकटलेल्या पाण्याशी असते. नीट धुतलेले पण न भाजलेले (पंप चालू ठेवून न तापवलेले) स्टील तासभर ओढल्यानंतरही दर चौरस सेंमीला साधारण १०^-८ ते १०^-७ मिलिबार-लिटर प्रति सेकंद वायू सोडत राहते. पूर्ण पृष्ठभागाचा हिशेब ५×१०^-५ ते ५×१०^-४ इतका येतो. याला चेंबरच्या तोंडाशी मिळणाऱ्या वेगाने भागा: १०० लिटर प्रति सेकंद मिळत असतील तर दाब ५×१०^-७ ते ५×१०^-६ च्या मध्ये येईल. म्हणजे आपले उद्दिष्ट गाठता येते, पण हलगर्जीपणाला फारशी जागा नाही.

‘चेंबरच्या तोंडाशी’ हे शब्द महत्त्वाचे. इतक्या कमी दाबाला नळीची वाहकता, म्हणजे तिच्यातून सेकंदाला किती वायू जाऊ शकतो ते, व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. लांब नळीसाठी सूत्र सोपे आहे: १२.१ गुणिले व्यासाचा घन, भागिले लांबी. मापे सेंमीत घातली की उत्तर लिटर प्रति सेकंद मिळते. ४ सेंमी व्यासाची अर्धा मीटर नळी लावली तर वाहकता येते १५ च्या आसपास. तिच्यामागे सेकंदाला १५० लिटर ओढणारा टर्बो पंप (वेगाने फिरणाऱ्या पात्यांचा) असला तरी चेंबरला मिळतात जेमतेम १३-१४ लिटर, बाकीचे पैसे पाण्यात. तोच पंप १० सेंमी व्यासाच्या आणि २० सेंमी लांबीच्या गळ्यावर बसवला की १०० च्या वर मिळतात. पंप चेंबरला खेटून, रुंद तोंडावर बसवायचा. टेबलाखाली जागा आहे म्हणून त्याला तिकडे ढकलू नये.

टर्बो की डिफ्यूजन पंप? नळीसाठी टर्बो चांगला. डिफ्यूजन पंप (तेलाच्या वाफेच्या झोताने वायू ओढणारा) स्वस्त आणि चिवट असतो, पण त्याची सिलिकोन तेलाची वाफ इलेक्ट्रोडवर जाऊन बसते, आणि इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याखाली तिचा विद्युतरोधक थर तयार होतो. हाताशी डिफ्यूजन पंपच असेल तर वर तेलाची वाफ अडवणारे बॅफल आणि द्रव नायट्रोजनचा ट्रॅप हवाच.

वर्कशॉपला काय सांगायचे

साहित्य ३०४ एल किंवा ३१६ एल स्टील. दंडगोलाची भिंत ३ मिमी पुरते. सपाट झाकणाची गोष्ट वेगळी. ३० सेंमी व्यासाच्या झाकणावर वातावरणाचा भार ७०० किलोहून अधिक पडतो. ६ मिमी जाडीची प्लेट तुटणार नाही, पण मधोमध सुमारे ०.८ मिमी आत वाकेल. तेवढ्याने काठ उचलला जातो आणि ओ-रिंगवरची पकड असमान होते. १२ मिमीची प्लेट ०.१ मिमीच वाकते. झाकण आणि तळ १२ मिमीचेच घ्या.

वेल्डिंग टिग (टंगस्टन इलेक्ट्रोड आणि आर्गॉनमधले), अखंड, आणि व्हॅक्यूमच्या बाजूने म्हणजे आतून. मजबुतीसाठी बाहेरून वेल्ड हवा असेल तर तो तुकड्या-तुकड्यांनी, मध्ये फटी सोडून. आतून-बाहेरून दोन्हीकडे अखंड वेल्ड करणे ही वेल्डरच्या दृष्टीने ‘पक्की’ गोष्ट, पण दोन वेल्डच्या मध्ये हवेचा खण अडकतो. आतल्या वेल्डला केसाएवढे छिद्र असेल तर त्या खणातली हवा महिनोन् महिने झिरपते, आणि गळती शोधताना बाहेरून हेलियम मारून ते छिद्र कधीच सापडत नाही. ड्रॉइंगवर हे ठळक लिहा आणि वेल्डरशी समोरासमोर बोला. कागदावरच्या खुणेपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. वेल्डच्या मागच्या बाजूला आर्गॉन सोडायला सांगा, नाहीतर तिथे काळी खरबरीत खपली धरते आणि ती पाणी धरून ठेवते.

आतल्या बंद भोकांत बसणाऱ्या प्रत्येक स्क्रूला मधून आरपार भोक हवे, किंवा आट्यांवर कानसीने उभी खाच. एका एम-६ स्क्रूखाली अडकलेली हवाही दाबाचा आलेख तासन् तास वर धरून ठेवते. पितळ, जस्ताचा किंवा कॅडमियमचा मुलामा दिलेले नट-बोल्ट, पीव्हीसीची वायर आणि फ्लक्स राहिलेले डाग यांतले काही आत नको. जस्त आणि कॅडमियम थोड्या उष्णतेनेही उडतात आणि सिरॅमिकवर धातूचा पापुद्रा चढवतात. मग तिथून विद्युतदाब गळतो. एनोडाइज केलेले ॲल्युमिनियमही टाळा, त्याचा सच्छिद्र थर स्पंजासारखे पाणी पितो.

ओ-रिंगच्या खाचेचे शेवटचे मशिनिंग वेल्डिंग झाल्यावरच करायचे, कारण वेल्डच्या उष्णतेने फ्लँज हमखास वाकतो. ५.३३ मिमी जाडीच्या व्हायटॉन (उष्णता सोसणारे रबर) रिंगसाठी खाच ४.१ मिमी खोल आणि ७ मिमी रुंद ठेवा. म्हणजे रिंग २३ टक्के दबते आणि खाचेचा पाव भाग मोकळा राहतो, तो हवाच. रबर दबते तेव्हा आकसत नाही, बाजूला पसरते.

खाच ताब्यात घेताना खोलीतला दिवा मालवा, टॉर्च जवळजवळ आडवी धरा आणि खाचेच्या तळावरून हळूहळू फिरवा. लेथच्या टोकाने उठलेल्या बारीक गोल रेषा दिसतील. त्या चालतील, कारण त्या रिंगच्या दिशेनेच जातात. शोधायची ती आडवी रेघ, आतल्या काठाकडून बाहेरच्या काठाकडे जाणारी. नखाला जाणवेल एवढी जरी असली तरी ती हवेसाठी बोगदाच आहे. ती पॉलिश पेपरने घासायची तर खाचेच्या गोलाईनेच घासायची. आडवे घासले तर एका बोगद्याचे शंभर होतील.

धुणे आणि जोडणी

आधी गरम पाणी आणि प्रयोगशाळेतला डिटर्जंट, मग भरपूर साधे पाणी, मग डिआयोनाइज्ड पाणी, मग ॲसिटोन, शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोल. क्रम उलटा केला तर कटिंग ऑइल पुसले न जाता पसरते. शेवटच्या पाण्याची चादर भिंतीवर सलग पसरली तर पृष्ठभाग स्वच्छ. थेंब-थेंब होऊन तुटली तर तेल बाकी आहे, पुन्हा पहिल्या पायरीवर जा. त्यानंतर पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे चढवा आणि ते घालून मोबाइल किंवा दाराची कडी धरू नका.

व्हायटॉनच्या रिंगा धूळ न सोडणाऱ्या कापडाने पुसा. व्हॅक्यूम ग्रीस लावायचेच असेल तर रिंगला नुसती चकाकी येईल इतपत. ग्रीसने गळती बुजत नाही, काही दिवस लपते एवढेच. झाकणाचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, तीन फेऱ्यांत आवळा. सीएफ फ्लँजची (धारदार कड तांब्यात रुतवून बंद होणाऱ्या सांध्याची) तांब्याची गॅस्केट एकदाच वापरायची; उघडली की नवी.

नळीचे भाग

टार्गेट म्हणजे एनोड जमिनीला जोडलेले ठेवा आणि कॅथोडला उणे ३० किलोव्होल्ट द्या. मग टार्गेट थंड करणारे पाणी निर्धास्त फिरवता येते. फिलामेंटचा ट्रान्सफॉर्मर मात्र उणे ३० किलोव्होल्टवर तरंगतो, त्याचे आवरण त्या विद्युतदाबाला तपासलेलेच हवे.

क्ष-किरण किती थोडे आणि उष्णता किती, हे इथे पाहण्यासारखे आहे. ३० किलोव्होल्टला तांब्याच्या टार्गेटमध्ये एकूण शक्तीच्या सुमारे ०.१ टक्काच क्ष-किरणांत जातो. ३०० वॅटपैकी जवळजवळ सगळे ३०० वॅट टार्गेट तापवतात. मिनिटाला एक लिटर पाणी असेल तर पाण्याचे तापमान ४-५ अंशच वाढते, पण पाणी थांबले तर इलेक्ट्रॉन जिथे आदळतात तो ठिपका काही सेकंदांत वितळू लागतो.

टार्गेट ऑक्सिजनमुक्त तांब्याच्या अखंड दांड्यातून काढा आणि बाहेरच्या टोकाकडून बंद भोक पाडून त्यात पाणी खेळवा. अशा रचनेत पाणी आणि व्हॅक्यूम यांच्यामध्ये एकही सांधा येत नाही. ब्रेझिंग (दुसरा धातू वितळवून सांधणे) टाळता येत नसेल तर ७२ टक्के चांदी आणि २८ टक्के तांबे असा मिश्रधातू वापरा, तो ७८० अंशांना वितळतो. बाजारातल्या चांदीच्या साध्या ब्रेझिंग काड्यांत बहुधा जस्त असते, कधी कॅडमियमही.

क्ष-किरण बाहेर येण्याची खिडकी लहान ठेवा. १० मिमी व्यासावर वातावरणाचा भार फक्त ०.८ किलो पडतो, त्यामुळे पातळ बेरिलियम किंवा कॅप्टॉन (प्लॅस्टिकची चिवट फिल्म) टिकते. तांब्याच्या मुख्य रेषेची ऊर्जा ८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, ती या खिडकीतून सहज जाते. बेरिलियमला कानस, पॉलिश पेपर, ॲसिड यांतले काहीही लावू नका, त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. तुटलेली खिडकी ओल्या कापडात उचलून बंद डब्यात ठेवा.

पहिल्यांदा पंप चालू करताना

रोटरी पंपाचा गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडणारी झडप) अर्धा तास उघडा ठेवा, म्हणजे तेलातले पाणी निघून जाते. डिफ्यूजन पंप असेल तर चेंबर ०.०५ मिलिबारपर्यंत उतरल्यावर रफिंग व्हॉल्व्ह (रोटरी आणि चेंबर यांमधला) बंद करा. त्याखाली रोटरीने ओढत राहिलात तर रोटरीच्या तेलाची वाफ उलटी चेंबरकडे येते. मग बॅकिंग व्हॉल्व्ह (रोटरी आणि डिफ्यूजन पंप यांमधला) उघडा आणि त्यानंतरच मुख्य व्हॉल्व्ह (डिफ्यूजन पंप आणि चेंबर यांमधला). गरम डिफ्यूजन पंपात हवा शिरली तर तेल जळते.

पेनिंग गेज (अगदी कमी दाब मोजणारे) दाब १०^-३ मिलिबारच्या खाली गेल्यावरच चालू करा. हे गेज मळले की खऱ्यापेक्षा कमी, म्हणजे चांगला दाब दाखवते. दाब अचानक सुधारल्यासारखा वाटला तर खूश होण्याआधी गेज उघडून पाहा.

दाब दर मिनिटाला वहीत लिहा. पहिल्या दिवसाचा हा आलेख पुढची अनेक वर्षे उपयोगी पडतो.

गळती आहे की वायू सुटतोय?

तासाभराने मुख्य व्हॉल्व्ह बंद करून चेंबर एकटे पाडा आणि दाब कसा वाढतो ते दर मिनिटाला नोंदवा. आकारमान गुणिले दाबातली वाढ, भागिले वेळ, म्हणजे वायूचा भार. २८ लिटरमध्ये १० मिनिटांत दाब १०^-३ मिलिबारने वाढला तर भार ४.७×१०^-५ मिलिबार-लिटर प्रति सेकंद. पण आकड्यापेक्षा आलेखाचा आकार जास्त बोलतो. रेघ सरळ वर गेली तर बाहेरून हवा येत आहे, कारण बाहेरचा दाब बदलत नाही. रेघ सुरुवातीला चढून पुढे वाकली आणि सपाट होऊ लागली तर भिंती वायू सोडत आहेत. दोन्ही एकत्र असतील तर आधी वाकणारी आणि मग तिरपी सरळ जाणारी रेघ दिसते. त्या सरळ भागाचा उतार हीच गळती.

खात्री करायला भिंतीभोवती हीटिंग टेप गुंडाळून ७०-८० अंशांपर्यंत तापवा. दाब बराच वाढला तर दोष पाण्याचा. मग रात्रभर भाजत ठेवा. व्हायटॉन असेल तर १५० अंशांच्या वर जाऊ नका. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात अर्धा तास उघडे राहिलेले चेंबर उन्हाळ्यातल्यापेक्षा कितीतरी सावकाश उतरते. चेंबर नेहमी कोरड्या नायट्रोजनने भरा आणि उघडे राहण्याचा वेळ मोजून ठेवा.

गळतीच असेल तर हेलियम लीक डिटेक्टर आणा; बाहेरून सांध्यावर सोडलेला हेलियम आत शिरला की तो दाखवतो. तो चेंबरला थेट न जोडता टर्बोच्या मागच्या नळीवर जोडा. टर्बो चालू असल्याने हेलियमला उत्तर मिळायला सेकंदापेक्षाही कमी वेळ लागतो. सेकंदाला एक लिटर ओढणारा डिटेक्टर थेट चेंबरला लावला तर त्याच कामाला अर्धा मिनिट लागते, आणि तोवर हात पुढच्या सांध्यावर गेलेला असतो. आधी डिटेक्टर त्याच्या प्रमाणित गळतीवर जुळवून घ्या. हेलियमचा प्रवाह इतका बारीक ठेवा की नळीचे टोक पाण्यात बुडवल्यावर दोन-तीन सेकंदांनी एखादा बुडबुडा यावा. सुरुवात वरच्या सांध्यांपासून, कारण हेलियम वर चढतो. खालून सुरुवात केली तर वरच्या सांध्याची गळती खालच्याच्या नावावर लागते. व्हायटॉनवर बराच वेळ हेलियम धरला तर तो रबरातूनही आरपार जातो. ही वाढ सावकाश येते आणि सावकाश जाते. खरी गळती चटकन उमटते.

किती गळती चालेल? आपला एकूण भार ५×१०^-४ पर्यंत चालतो, तेव्हा हिशेबाने १०^-६ ची गळतीही खपून जाईल. तरीही एका सांध्याला १०^-८ ही मर्यादा धरा. तापून-थंड होऊन लहान गळती मोठी होते, आणि हवेतला ऑक्सिजन टंगस्टनचे फिलामेंट खातो.

डिटेक्टर नसेल तर संशयित जागी ड्रॉपरने ॲसिटोन लावून पिरानी गेजचा (तापलेल्या तारेवरून दाब मोजणाऱ्याचा) काटा हललाय का पाहतात. मोठ्या गळतीला हे चालते. पण ॲसिटोन पेटते, आणि थंड झालेले द्रव बारीक छिद्रात गोठून ते तात्पुरते बुजवते.

सरळ रेघेसारखा आलेख, हेलियमला मात्र काहीच उत्तर नाही, अशी स्थिती आली तर अडकलेल्या खणांकडे वळा: भोक नसलेले स्क्रू, दुहेरी वेल्ड, एकमेकांवर दाबलेल्या प्लेटा.

उच्च विद्युतदाब देण्याआधी

८ नोव्हेंबर १८९५ रोजी रोंटगेनला क्ष-किरण दिसले ते काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या नळीतून. त्याआधीची कित्येक वर्षे तशाच नळ्या अनेक प्रयोगशाळांत चालू होत्या आणि कुणाला पत्ता नव्हता. व्हॅक्यूम आणि किलोव्होल्ट एकत्र आले की हे घडणारच. फिलामेंट बंद असले तरी कॅथोडच्या टोकदार कडांतून इलेक्ट्रॉन निसटतात आणि क्ष-किरण निघतात. म्हणून ‘अजून फिलामेंट लावलेलेच नाही’ हे कारण धरून क्ष-किरण अडवणारी झाकणे काढून ठेवू नका.

भारतात अशी यंत्रणा चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाची म्हणजे एईआरबीची परवानगी लागते. मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे, अर्ज ई-लोरा या पोर्टलवरून होतात. अर्ज बांधणीच्या आधी करा. रचनेत बदल सांगितले गेले तर ते कागदावर स्वस्त पडतात. काम करणाऱ्या प्रत्येकाला टीएलडी बॅज (अंगावर पडलेला किरणांचा डोस नोंदवणारा) हवा.

आता धोका कुठून येतो ते पाहा. ३ मिमी स्टीलची भिंत ३० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे क्ष-किरण जवळपास पूर्ण अडवते. त्याच चेंबरवरची ६ मिमी साध्या काचेची खिडकी त्यांतले सुमारे ३० टक्के सोडते. उच्च विद्युतदाबाच्या फीडथ्रूमधले (तार भिंतीतून आत नेणाऱ्या जोडणीमधले) ५ मिमी सिरॅमिकही २० टक्क्यांच्या आसपास सोडते. म्हणजे चेंबर एकसारखे दिसले तरी संरक्षणाच्या दृष्टीने त्याला भोके आहेत. काचेवर शिशाची काच किंवा २ मिमी शिशाचे झाकण, फीडथ्रूवर शिशाचा टोप, आणि मुख्य खिडकीसमोर पक्का बसवलेला, झोत अडवणारा बीम-स्टॉप हवा.

इंटरलॉक (काही बिघडले की यंत्र आपोआप बंद करणारे स्विच) चार: चेंबरचा दाब, पाण्याचा प्रवाह, झाकण व शिशाची दारे, आणि चेतावणीचा दिवा. सगळे एका ओळीत जोडा, म्हणजे एक जरी तुटला तरी उच्च विद्युतदाब बंद होतो. दिवा जळाला तरी यंत्र बंद पडले पाहिजे. पाण्यासाठी दाबाचा स्विच नको, प्रवाहाचा हवा; नळी तुंबली तरी दाब दिसतच राहतो. प्रत्येक इंटरलॉक उच्च विद्युतदाब न देता मुद्दाम तोडून पाहा आणि वहीत सही करा.

आता विद्युतदाब हळूहळू चढवून नळीला त्याची सवय लावायची. चेंबरचा दाब ५×१०^-६ च्या खाली, फिलामेंट थंड, बीम-स्टॉप जागेवर. ५ किलोव्होल्टपासून सुरू करून २-२ किलोव्होल्टने चढा, प्रत्येक पायरीवर १० मिनिटे थांबा. मधूनमधून ठिणगी पडेल, गेजवर दाब उसळून पुन्हा बसेल. ते ठीक. ठिणग्यांमधले अंतर वाढत गेले की पुढे जा. कमी होत गेले तर एक पायरी उतरा. चालवायच्या विद्युतदाबापेक्षा १०-१५ टक्के वर, म्हणजे ३४ किलोव्होल्टला अर्धा तास शांत गेला की नळी तयार. मग फिलामेंट हळूहळू तापवा, चेंबरचा दाब १०^-५ वर जाऊ देऊ नका. इथे घाई केली तर पहिलेच फिलामेंट जाते.

प्रत्येक पायरीवर सर्व्हे मीटर (बाहेर येणारे किरण मोजणारा) फिरवा. पातळ खिडकीचा आयन चेंबर मीटर घ्या. जाड धातूच्या नळीचे गायगर मीटर इतक्या कमी ऊर्जेचे किरण नीट मोजत नाहीत. फटीतून येणारा झोत पेन्सिलीएवढा बारीक असू शकतो, आणि मीटरच्या मोठ्या खिडकीचा कोपराच त्यात आला तर आकडा फसवा कमी दिसतो. म्हणून सेकंदाला २-३ सेंमी अशा गतीने झाकणाची कड, प्रत्येक काच, फीडथ्रू, पंपाचा गळा आणि शिशाच्या पत्र्यांचे सांधे तपासा. संशय असेल तिथे कागदात गुंडाळलेली क्ष-किरण फिल्म चिकटवा, झोताची रेघच छापून येते.

सर्वसामान्य माणसासाठी वर्षाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे. वर्षाचे २००० कामाचे तास धरले तर ताशी ०.५ मायक्रोसिव्हर्ट. बाहेरून हात लागेल अशा प्रत्येक जागी, पूर्ण विद्युतदाब आणि पूर्ण विद्युतप्रवाहाला, वाचन याखाली हवे.

बंद करताना आधी उच्च विद्युतदाब शून्यावर, मग अर्थिंगची काठी कॅथोडच्या टोकाला लावून ती तिथेच अडकवून ठेवा, मग फिलामेंट, आणि १५ मिनिटांनी पाणी. झाकण उघडून काहीही बदलले, अगदी एक स्क्रू जरी, तरी पुन्हा चालू करताना दाब वाढण्याची चाचणी आणि सर्व्हे मीटरची फेरी दोन्ही नव्याने करायच्या.